सिस्टरले मी ‘नो’ म्हटलं

लोकहो, आजची गोष्ट ऐका.

आज अमरावतीच्या दवाखान्यात बाबाले भरती केलं. सिस्टर केरळची, मराठी येत नाही. तिनं इंग्रजीत विचारलं, “यांना कोणत्या औषधाची ॲलर्जी नाही ना?” पेनिसिलिननं बाबाचा श्वास कोंडतो. मी आपल्या मराठी सवयीनं जोरात म्हटलं, “नो!” म्हणजे, नाही बाई, आहे ना!

ती ‘ॲलर्जी नाही’ असं समजून निवांत गेली अन् सुई भरून आली.

“काहून रे, कायचं इंजेक्शन देऊन राहिली हे?” बाबानं विचारलं. मी सिस्टरले विचारलं. पेनिसिलिनच होतं! मी ओरडलोच, तशी ती सुई टोचायच्या आधी थांबली.

असं कोणी इंग्रजीत विचारलं, तर नुसतं येस-नो म्हणू नका. “ॲलर्जी आहे,” असं पूर्ण वाक्य बोला.

मंग बाबा म्हणाले, “घाबरू नको. मले काही झालं नाही ना?”

माझ्या तोंडून हो निघेना, नाही निघेना.