पिलं जेवली का?

मीटिंग रंगात आली की मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि हात वर करायच्या. "थांबा. मला अजून कळलं नाहीये." झालं! साहेबांचा चहा निवून जायचा.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळ्यांना जे कळल्यासारखं वाटतं, तेच नेमकं त्याला कळत नाही. आमचं ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. आम्ही डुकरांच्या पिलांच्या खाद्यात मिसळायची एन्झाइमची पूड विकायचो. मी लालबागचा, विक्री खात्यातला. डुक्कर लांबूनच पाहिलेलं. मॅडम जनावरांच्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं, "पिलू दुधावरून तोडलं की समोर एकदम मका आणि सोयाबीन. पोट अजून कच्चं. पचत नाही, हगवण लागते, वाढ खुंटते. आपण बाळाला आधी पेज देतो ना? ही पूड पोटात जाऊन दाण्याची पेज करते असं समजा."

"आणि यानं पिलं वाढतातच?"

"बहुतेक वेळा. कधीकधी नाही. का नाही, ते मला अजून कळलं नाहीये."

मी कपाळाला हात लावला. हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं? त्या मात्र सांगायच्या. दादरच्या एका हॉलमध्ये फार्मवाले जमले होते. त्यांच्यासमोर मॅडमनी सरळ सांगून टाकलं, की एका खेपेला पूड खाणारी पिलं भराभर वाढली, पण दुसऱ्या खेपेला न खाणारीही तेवढीच वाढली.

एक फार्मवाला उठला. "म्हणजे मॅडम, घ्यायची का नाय?"

"थोड्या पिलांना देऊन बघा. मग ठरवा."

साहेबांचा चेहरा पडला. आणि त्या माणसानं तिथल्या तिथे एक गोणी मागितली! ओरडावं की शाबासकी द्यावी, ते साहेबांना काही ठरवता आलं नाही.

इतकं स्पष्ट बोलणारी ही बाई घरी मात्र गप्प होती. राहायला फणसवाडीत. सासूबाई कडक सोवळ्याच्या, चातुर्मासात घरात कांद्याचं नावसुद्धा निघायचं नाही. लग्न झाल्यावर मॅडमनी "जनावरांच्या खाद्याचं काम" एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंनी जनावर म्हणजे गाय असं धरलं आणि चाळभर सांगितलं. वसुबारसेला गाय-वासराच्या आरतीचं ताट बायका आधी मॅडमच्या हातात द्यायच्या. "खरं सांगायला मी तोंड उघडते," त्या हसून म्हणायच्या, "तोवर आरती सुरू होते."

मग सासूबाई आजारी पडल्या. खाल्लेलं अंगाला लागेना, हाडं वर आली. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा आजार सांगितला आणि प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायला एन्झाइमच्याच कॅप्सूल दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम डबा न उघडताच माझ्यासमोर बसल्या.

"आपली पूड बुरशीपासून करतात. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून. डॉक्टर म्हणतात, आईंना लागू पडेल असं दुसरं काही नाही. सांगू की नको?"

"सांगू नका. औषधाला कसलं आलंय सोवळं?" मी म्हणालो. दोन घास खाल्ले. "नाही, सांगाच. मागाहून कळलं तर?" आणखी एक घास. "पण सांगितल्यावर घेतल्याच नाहीत तर?"

"तुम्ही अगदी माझ्यासारखेच निघालात," म्हणत त्यांनी डबा तसाच पिशवीत ठेवला.

कॅप्सूल पर्समध्येच राहिल्या. सासूबाई आणखी खंगल्या. शेवटी एका रविवारी त्यांच्या पायाशी बसून मॅडमनी सगळंच सांगितलं. कॅप्सूलचं, आणि इतक्या वर्षांच्या डुकरांचंही.

"मग?" मी सोमवारी ऑफिसात विचारलं.

"भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत. संध्याकाळी एकदम विचारलं, 'लहान असतात का गं ती?' म्हटलं, 'हो. आईपासून तोडलेली.' 'आणि खाल्लेलं पचत नाही त्यांना?' 'नाही पचत.' मग उठून बसल्या. शेवटी म्हणाल्या, 'भात वाढ. आणि ते तुझं दे. आधी देवघराचं दार लोटून घे.'"

"म्हणजे पटलं त्यांना?"

"मला अजून कळलं नाहीये. रोज घेतात, आणि रोज वर तीनतीनदा चूळ भरतात."

सासूबाईंच्या अंगावर थोडं मांस चढलं. संध्याकाळी सून दारात दिसली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पिलं जेवली का गं?" शेजारणींना वाटायचं, वासरांचं चाललंय. सासूबाईंनीही त्यांना वाटू दिलं.

वर्षभरानं त्या गेल्या. मॅडम कामावर परतल्या, पण ऑफिस रिकामं झालं तरी बसून राहायच्या.

"निघायचं नाही का मॅडम?"

"निघते. घरी आता कोणी विचारत नाही हो."

यंदा त्या नोकरी सोडून, मिस्टरांबरोबर नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या. त्याआधी वसईपलीकडच्या एका फार्मवर आमची शेवटची खेप झाली. नुकत्याच तोडलेल्या पिलांमध्ये त्या उकिडव्या बसल्या. एका पिलानं त्यांच्या ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि ते चोखू लागलं. फार्मवाला हाकलायला धावला.

"असू दे हो," त्या म्हणाल्या.

बाहेर आमची गाडी सुरू झाली होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मॅडमनी ओढणी ओढून घेतली नाही. पिलाचं समाधान होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.