झाकणाभोवतीचे पांढरे खडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. मी सगळं लिहून ठेवणारी बाई — किराणा, औषधं, लग्नांतले आहेर, कुणाकडे आपला कोणता डबा राहिलाय — पण हे कुठेच लिहिलं नाही. आज लिहितेय.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. रसायनांची खोली माझ्या ताब्यात. तुम्ही म्हणाल, बाटल्या कपाटात ठेवायच्या, त्यात काय एवढं? पण रसायनं ठेवली तशी राहत नाहीत. काही ओल ओढतात, काही उजेडाने काळी पडतात. आणि ईथर — ते जुनं झालं की त्यात हळूहळू दुसरंच काहीतरी तयार होतं. नुसत्या हिसक्याने फुटेल असं. म्हणून नियम आहेत, आणि ते सोपे आहेत. बाटली उघडली की तारीख तिच्यावर लिहायची. थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची. दर तीन महिन्यांनी थोडं काढून तपासायचं. पिवळा रंग आला तर धोका. तपासलं की नोंदवहीत बरोबरची खूण.

खुणा मी केल्या. तपासणी — नाही केली. पहिल्यांदा परीक्षांची गडबड होती. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. खूण करायला क्षणभर लागतो, एवढंच. अशी चार वर्षं गेली. चार उन्हाळे — आमच्याकडचे, ज्यांत त्या खोलीतली लोखंडी कपाटं संध्याकाळीही हाताला चटका देतात.

मग तपासणी समिती येणार म्हणून मी खालचा कप्पा आवरायला घेतला. अगदी मागे ईथर. झाकणाच्या कडेने पांढरे खडे, बारीक साखरेसारखे. ते काय आहे हे मला बघताक्षणी कळलं. काय करायचं तेही पाठ होतं: हात लावायचा नाही, खोली रिकामी करायची, प्राचार्यांना सांगायचं. पण सांगितलं की पहिला प्रश्न कोणता येणार? नोंदवही आणा. आणि नोंदवहीत माझ्या हातच्या सोळा खुणा.

नोकरी जाईल — डोक्यात दुसरं काही नव्हतं. हेच ईथर माझ्या कपाटात न सापडता मागच्या भंगाराच्या शेडमध्ये सापडलं तर? मग ते कुणाचंही, कधीचंही ठरेल, नाही का? पण तिथवर न्यायचं कुणी?

मी वच्छलाबाईंना हाक मारली.

वच्छलाबाई आमच्या परिचर. घाटंजीकडच्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी एवढंच म्हटलं, "ही बाटली शेडमध्ये ठेवून या. हळू न्या. झाकणाला हात लावू नका." का, ते सांगितलं नाही.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "इतलं कायले भेता मॅडम? अत्तर हाये का यात?" आणि हळू न्या म्हटलं म्हणून बाटली पदरात गुंडाळून छातीशी धरली.

ऑफिसात काम आहे म्हणत मी निघाले आणि जिन्याच्या जाड भिंतीआड जाऊन उभी राहिले. तिथे त्यांच्या चपला ऐकू येत होत्या. व्हरांडा. तीन पायऱ्या. मग त्या थांबल्या, कुणाशी तरी बोलू लागल्या — आणि मी कान झाकून घेतले. धावत जाऊन त्यांना थांबवलं नाही. कान झाकले.

काही झालं नाही.

आठवड्याने मीच कळवलं, शेडमध्ये जुनं ईथर सापडलंय. नागपूरहून माणसं आली. तोंडापुढे जाड काच, कोपरापर्यंत मोजे. त्यांनी आधी सगळं मैदान रिकामं करायला लावलं. आम्ही लांब फाटकापाशी उभ्या होतो. वच्छलाबाई हसून म्हणाल्या, "पाहा न मॅडम, एवढ्याशा कामाले एवढे लोकं! मले सांगतलं असतं तं मीच उचलून देल्लं असतं." मीही हसले. खरंच हसले.

तुम्ही म्हणाल, घाबरलेल्या माणसाच्या हातून होतं असं. म्हणून तर उरलेलं सांगायला हवं. आतापर्यंत मी एका बाटलीचं सांगितलं. कप्प्यात दोन होत्या.

पहिली ठेवून वच्छलाबाई परत आल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "झालं न मॅडम?" तोवर माझा श्वास ठिकाणावर आला होता. विचार करायला वेळ होता आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता.

मी म्हटलं, "अजून एक आहे."