भिंतीवरची पाच मार्च

आमच्या नागापूरच्या कारखान्यात चेनपुल्यांच्या तपासणीच्या तारखा मिस्त्री खडूनं भिंतीवर लिहायचे. वजन उचलणारी साखळी ठरल्या दिवशी उतरवून कडी न् कडी बघायचीच, हा त्यांचा नेम. मी ऑफिसात नवीन, आणि शहाणपणाची भारी हौस! "मिस्त्री, भिंत किती घाण दिसते. पुसा ते. आता सगळं कॉम्प्युटरवर." तारीख उलटली की ओळ आपोआप लाल व्हावी, अशी सोय मी करून ठेवली होती. त्यांनी ओला फडका फिरवला.

मार्च निम्मा सरला तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "ताई, मोठ्या चेनची तारीख झाली न्हाई का?"

"लाल कुठं झालीय? झाली की सांगते ना! रोज काय तेच तेच."

"बरं," म्हणाले नि गेले.

एप्रिलमध्ये ती साखळी तुटली. भला मोठा लोखंडी साचा खाली आला आणि मिस्त्रींच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

त्या संध्याकाळी मी यादी उघडली. मोठ्या चेनपुढे पडद्यावर ५/३ च होतं, मी टाकलेलं. मग मेलं लाल का नाही झालं? शोधता शोधता सेटिंगमध्ये भाषा सापडली: अमेरिकन इंग्रजी. त्यात महिना आधी, दिवस नंतर. नवा कॉम्प्युटर तसाच आला होता, मी बघितलंच नव्हतं. भारतातलं इंग्रजी निवडलं, तशी डोळ्यांदेखत ५/३ ची ३/५ झाली. इतके दिवस त्यानं तीन मे धरलं होतं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "यादीत मुदत संपलेली दिसत होती?"

"लाल नव्हतं, सर."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तपासणीची मुदत बाकी होती, म्हणजे साखळी हाताळण्यातच चूक, असं धरून अहवालात मिस्त्रींचा निष्काळजीपणा आला, आणि त्यांची नोकरी गेली. लाज वाटते लिहिताना, पण मी गप्प बसले.

ते राहात्याला गावी परतले. काही महिन्यांनी मी गेले, सगळं सांगायचंच असं ठरवून. मिस्त्रींनी डाव्या हातानं कप पुढे केला.

"ताई, पाच मार्च मला पाठ हुती. पन म्हनलं, कॉम्प्युटर कसा चुकंल? मीच इसरलो आसंन."

मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चहा छान झालाय."