आतला डाग

डॉक्टर भला माणूस, पण त्याने नेमका तोच शब्द वापरला. "मावशी, जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. जिथून चुकीचे ठोके उठतात, तिथे आतून छोटे छोटे डाग द्यायचे. की झाले ठोके सरळ!"

डाग! लहानपणी माझं पोट फुगलं होतं. आमच्या खालापूरकडच्या गावात तेव्हा पोरांना डागायचे. विळ्याचं टोक चुलीत लाल केलं, चुलत्याने माझे पाय धरले, आईने हात धरले आणि तोंड फिरवलं. बेंबीशेजारी तो वण अजून आहे. नंतर आई रोज विचारायची, "दुकतं का गं पोटात?" दुखतच होतं. पण मी म्हणायचे, "नाय." हो म्हटलं असतं तर पुन्हा विळा तापला असता.

"मी नाय करून घ्यायची," मी डॉक्टरला तोंडावर सांगितलं.

मुलाने कपाळाला हात लावला. "आई, हा तो डाग नाही गं. भूल देतात."

"आतला असू दे नायतर भायेरचा, डाग तो डागच!"

पण हट्ट तरी किती दिवस करणार? हे दुखणं लागल्यापासून मी मुलाच्या नेरळच्या फ्लॅटमध्ये अडकून पडले होते. बसल्या बसल्या छातीत फडफड सुरू व्हायची, खुराड्यात मुंगूस शिरल्यावर कोंबड्या करतात तशी. रक्ताची गुठळी डोक्यात जाऊ नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि कापलं तर रक्त थांबायचं नाही म्हणून विळी बंद. एकदा जिन्यात चक्कर आली, तेव्हापासून मुलगा कामावर जाताना बाहेरून कुलूपच घालायला लागला. दुसरी किल्ली शेजारणीकडे. म्हणजे मला माझ्याच दारातून बाहेर पडायचं तर परक्या बाईला हाका मारायच्या! काळजीपोटीच करतो मेला, पण माझा जीव गुदमरायचा. गावाला माझं घर बंद, मागच्या परड्यातल्या शेवग्याच्या शेंगा कोणी झोडून नेल्या देव जाणे. शेवटी तोच म्हणाला, "ठोके सरळ झाले की तुला गावाला सोडतो." तेव्हा कुठे मी तयार झाले.

टेबलावर हात पट्ट्यांनी बांधले. चादर सरकवताना सिस्टरला वण दिसला. "हे काय हो, मावशी?"

"पयला डाग," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही.

अर्धवट गुंगीत मशीनचे आवाज येत होते. छातीत आत कुठेतरी गरम कळ आली आणि मी म्हणे आईला हाक मारली. नंतर पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं. जरा कूस वळवू म्हटलं तर सिस्टर ओरडायची. पण ठोके खरंच सरळ झाले होते, घड्याळासारखे. मी तिथेच पडल्या पडल्या घरी कुठल्या एसटीने जायचं ते ठरवून टाकलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाला, "आतल्या जखमा भरेपर्यंत, दोन-तीन महिने, मध्येच धडधडेल. घाबरू नका, फक्त आम्हाला कळवा. नाहीच थांबलं तर पुन्हा एकदा करता येतं."

मुलाने आपल्याला हवं तेवढं ऐकलं. "आई, तोवर इथंच. धडधडलं नाही तर गावाला."

म्हणजे पुन्हा कुलूप!

काल दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना छातीत फडफडलं. भिंतीला टेकून खाली बसले. हात छातीवर जायचा तो आपोआप पोटावरच्या वणावर गेला. किती वेळ बसले कोण जाणे, मग आपसूकच थांबलं. फोन शेजारीच पडला होता.

संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला. मुलगा आत आला, बूटही न काढता माझ्यासमोर बसला आणि त्याने माझा हात धरला.

"आई, आज धडधडलं का गं?"

एवढं जवळून मी त्याच्याकडे कित्येक वर्षांत बघितलंच नव्हतं. डोळे थेट माझ्या आईचे.

"नाय," मी म्हटलं.