पुण्यवानाची झोप

डिचोली बाजारातलं गोकुळदासचं भुसारी दुकान दुपारी एकला बंद होई, आणि सव्वा वाजता मागच्या खोलीतलं त्याचं घोरणं शेजारच्या शिंप्यापर्यंत पोचे. लोक म्हणत, माणूस सुखी, पाठ टेकली की ढाराढूर. बायकोला, कमलाक्षीलाही त्या झोपेचं कौतुकच होतं. मध्येच घोरणं थांबलं की तिला हायसं वाटे आणि तेवढ्यात तिचाही डोळा लागे.

त्याचं ब्लडप्रेशर मात्र तीन-तीन गोळ्यांना जुमानेना. समोर गिऱ्हाईक उभं आणि हा तराजू धरून पेंगतोय! पुढे छातीचे ठोके चुकायला लागले, तेव्हा पणजीच्या डॉक्टर गौरवीने त्याच्या झोपेची तपासणी करायला लावली. निकाल कमलाक्षीने दोनदा विचारून घेतला. घोरणं थांबायचं तेव्हा नवऱ्याचा श्वासच थांबलेला असायचा, कधी चाळीस सेकंदही. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन खाली, प्रेशर वर, आणि सगळा मार हृदयावर. म्हणजे तीस वर्षं ती ज्या शांततेत सुखाने झोपली, त्या शांततेत हा माणूस गुदमरत होता. तिला स्वतःचीच शरम वाटली.

झोपताना मास्क लावायचं मशीन वापरा, डॉक्टर म्हणाली. गोकुळदासने ते हसण्यावारी नेलं. तोंडाला लगाम बांधायला मी काय घोडा आहे, म्हणाला. मग डॉक्टरने विचारलं, घरात आणखी कोण घोरायचं?

"थोरले भावोजी," कमलाक्षी म्हणाली. "सगळ्या वाड्याक ऐकू येय. पुण्यवान मनीस, बावन्नाव्या वर्सा झोपेतच गेले. कसलोच त्रास नाय."

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. आता खात्रीने काही सांगता येणार नाही, ती हळू आवाजात म्हणाली, पण त्यांनाही हेच असू शकेल. गोकुळदासचं हसू मावळलं. दादाच्या त्या मरणाचा अख्ख्या गावाने हेवा केला होता, त्यानेही केला होता. एकावन्न तर त्याला आता सरत आलं होतं. दवाखान्याचा जिना उतरल्यावर मशीन कुठे मिळतं, ते त्यानेच विचारलं.

परतीच्या बसमध्ये मशीनचा खोका कमलाक्षीने मांडीवर धरला. डिचोलीला उतरल्यावर तो घराकडे वळला, तशी तिने त्याची बाही धरली.

"पयली देवळाकडे चला," ती म्हणाली. "भावोजी गेले त्या वर्सा मी गुरवाकडसून देवाक गाऱ्हाणा घातलंय, तुमकाय तसलाच मरण येवंदे म्हणान. ता मागे घेवक व्हया."