गिटारीतला भुंगा आणि आण्णांचं मशीन

मी हातानं बनवलेला पहिला पिकअप गिटारीला बसवला, वायर जोडली, आणि तारेला हात लावायच्या आधीच ॲम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्यातून, भुंगा घुमायला लागला. एकसारखा, खालच्या सुरात, थांबायचं नाव नाही.

पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते आणि स्पीकरमधून सूर येतो. पुण्याला बदली झालेल्या मैत्रिणीनं तिची जुनी इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे टाकली होती, तिचा पिकअप मेला होता. नवा विकत मिळतो, पण मला हातानं करून बघायचं होतं. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू तपासायच्या. आपण काही केलंय आणि ते वाजतंय, असं एकदा तरी व्हावं असं वाटत होतं. वेढे मी आईच्या शिलाई मशीनवर घातले, बॉबिन भरायच्या चाकावर. आई गेल्यापासून ते मशीन झाकूनच होतं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आण्णा. आण्णांची सगळी नोकरी फौंड्रीत गेली. ओतलेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडरनं घासून काढायच्या, असं काम. कान तिथंच गेले. मी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते कपाटातच असायचं. "कानात किडा सोडल्यागत वाटतंय," म्हणायचे. तरुणपणी ते भजनी मंडळात गायचे, ते मला आईकडून कळलेलं. माझी गिटार त्यांना फक्त दिसायची. मी वाजवत असले की दारातून बघायचे आणि निघून जायचे.

भुंग्याच्या मागं मी बरेच दिवस लागले होते. तारांना बोट टेकवलं की तो थोडा दबायचा, म्हणून तारा जिथं अडकवतात त्या पत्र्यापासून एक वायर अर्थिंगला जोडली. गिटारीच्या आतल्या खाचेला तांब्याची चिकटपट्टी लावली. त्यानं वरची किरकिर गेली, खालचा घुमारा मात्र तसाच. गंमत म्हणजे गिटार घेऊन खिडकीकडे वळलं की तो कमी व्हायचा आणि भिंतीकडे तोंड केलं की वाढायचा. म्हणजे तो घरातूनच कुठूनतरी येत होता.

एका रविवारी दुपारी आण्णा कधी नव्हे ते मशीन घालून बसले होते, पन्हाळ्याहून पाव्हणे येऊन गेले होते म्हणून. उठून माझ्या खोलीत आले आणि दारातच थांबले.

"भुंगा शिरलाय गं खोलीत!" ते ओरडले. त्यांचं साधं बोलणंही ओरडणंच असतं.

"कुठाय?" मी हातानंच विचारलं.

"कानात वाजतोय की. तू बोलतीयास ते कायबी ऐकू येईना, नुसता भुंगा."

मी मशीन काढून बघितलं. चाचपताना त्यांच्याकडून त्यावरचं बटण दाबलं गेलं होतं. सोबतच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की ही टेलिफोनसाठीची सोय आहे. यात माइक बंद होतो आणि आतली तारेची गुंडाळी फोनच्या स्पीकरचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडते. ते मी दोनदा वाचलं. आण्णांच्या कानात माझ्या पिकअपसारखीच गुंडाळी होती. मला ॲम्पमधून जो भुंगा ऐकू येत होता, तोच त्यांना कानात ऐकू येत होता.

मी खाणाखुणांनी त्यांना सांगितलं, बटण तसंच ठेवा आणि घरभर फिरा. आण्णा निघाले, मान एका बाजूला कलती करून. फ्रिजच्या स्टॅबिलायझरपाशी थांबले. "हितं हाय, पण बारका." ट्यूबलाइटखाली नाक मुरडलं. माझ्या खोलीच्या भिंतीला लागून, जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवलाय, तिथं गेले आणि एकदम हात वर केला. "हितं दांडगा हाय! हाच बघ!" काहीतरी पकडून दिल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. मग मागच्या पडवीत गेले आणि शांत उभे राहिले. "हितं न्हाय," म्हणाले.

इन्व्हर्टर हलवणं सोपं नव्हतं, म्हणून मी दुसरी वाट धरली. पहिल्यासारखीच दुसरी गुंडाळी केली, पण वेढे उलट्या दिशेनं आणि चुंबकं उलटी. दोन्ही जोडल्या की दोन्हींत बाहेरून आलेले भुंगे एकमेकांना खातात आणि तारांचा सूर मात्र बेरजेनं वाढतो. जोडून बघितलं तर भुंगा दुप्पट आणि सूर डासासारखा. दोन वायरी उलट लागल्या होत्या. त्या बदलल्या आणि ॲम्प चालू केला. काहीच आवाज नाही. मला वाटलं ॲम्पच बंद पडला. तार छेडली, आणि भरलेला, गोल सूर आला.

आण्णा दारातच होते. "माझा भुंगा वाजतोयच की," त्यांनी तक्रार केली. बरोबर होतं. त्यांच्या मशीनमध्ये एकच गुंडाळी होती.

तेव्हा मला सुचलं. फोनचा स्पीकर काय आणि ॲम्पचा स्पीकर काय, चुंबकीय क्षेत्र दोन्हींभोवती असतंच! बॅटरीवर चालणारा तो छोटा ॲम्प मी उचलला आणि पडवीत, जिथं त्यांना भुंगा नव्हता, तिथं स्टुलावर ठेवला. त्यांना शेजारी बसवून कान जवळ न्यायला सांगितलं. आणि वाजवायला लागले.

आण्णा आधी दचकले, मग आणखी पुढं वाकले.

"हे तू वाजवतीयास?"

मी मान हलवली.

"रोज असंच वाजतंय?"

"व्हय, आण्णा."

"मला वाटलं, नुसतं टंग टंग करतीयास." थोड्या वेळानं बोट वर करून म्हणाले, "ती शेवटची तार उतरलीया. चढीव जरा."

खरंच उतरली होती. मी खुंटी पिळली. सूर जुळायला जरा वेळ लागला. त्यांना घाई नव्हती.

तेव्हापासून संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की चहा होतो आणि आम्ही पडवीत बसतो. ते एखाद्या भजनाची चाल गुणगुणतात, मी ती तारांवर शोधते. मशीन आता दिवसभर कानात असतं. कुकरच्या शिट्टीला शिव्या पडतात, शेजारच्यांच्या टीव्हीला पडतात.

परवा कागलहून त्यांचे फौंड्रीतले जुने सोबती आले. आण्णांनी त्यांना थेट पडवीत नेलं. "बसा पावणं. पोरीनं तार गुंडाळून केलंय हे. ऐका."

मी वाजवायला घेतलं. मधेच माझं बोट चुकलं. पाव्हण्यांना काही कळलं नाही, ते मान डोलवत राहिले. आण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.