बायकोपुढे शेकलेले हात

कोहमाऱ्याच्या चौकात लोकांना हसवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही! बरं, एक जण आहे, माझी बायको कुंदा. फरक एवढाच, की ती बोलली की लोक माझ्यावर हसतात. आमच्या ढाब्यावर किस्से खरकट्या ताटांसारखे साचत जातात. वरचे सगळ्यांना ऐकवून झालेत. हे तळाशी राहिलेले. उचलायची लाज वाटते म्हणूनच राहिले.

*

हायवे चारपदरी होत होता तेव्हाची गोष्ट. कुंदाची पाळी जायच्या बेतात होती. मधेच छातीतून गळ्यापर्यंत वाफ चढायची, चेहरा लालबुंद, पदर ओला. मग ती कोल्ड्रिंकचा फ्रीज उघडून त्यापुढे उभी राहायची. एका ड्रायव्हरनं थंडा मागितला.

"थांबा भाऊ," मी ओरडलो, "आधी बायको थंडी होऊन राहिली, मंग बाटली!"

सगळा ढाबा हसला. कुंदानं बाटली काढून दिली. मला मात्र शिवी हासडली.

*

जानेवारीत धुकं असं, की समोरचा ट्रक दिसेना. ड्रायव्हर कांबळी गुंडाळून बसलेले आणि कुंदा पुठ्ठ्यानं वारा घेतेय! मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि शेकोटीपुढे धरावे तसे हात धरले.

"या रे, फुकटचा हीटर!"

दोन ड्रायव्हर खरंच येऊन बसले. कुंदा उठून मागच्या दारी गेली, ती बराच वेळ आलीच नाही. भाजी करपली. तिच्यावरही मी एक विनोद केला.

*

"भट्टीपाशी राहतं, तं गरम होईलच ना व," मी म्हणायचो.

"भट्टी बंद असते तवाबी होते जी. छातीत धडधडबी होते. एकडाव गोंदियाले दाखवू ना."

दिवाळीत ढाबा बंद होता. कुंदा बसल्या जागी घामानं भिजली. मी पाहुण्यांसमोर थंडगार भट्टीवर हात ठेवून निकाल दिला, "भट्टी बाइज्जत बरी!"

सातवी नापास जज! भट्टी सुटली, मग गुन्हा कोणाचा, हे विचारायचं काही जजला सुचलं नाही.

*

शेवटची मस्करी म्हणजे दार उघडू नये म्हणून मी फ्रीजच्या मुठीला बांधलेली सुतळी. कुंदा आली, मूठ ओढली, परत ओढली. मग जबडा धरून खालीच बसली. मी टाळ्या वाजवल्या, "वा! काय ॲक्टिंग!"

तिनं शिवी दिली नाही. तिथंच माझ्या टाळ्या थांबल्या. मला शिवी न देता कुंदा कधी गप्प बसलीय?

जेवायला थांबलेल्या एका गिऱ्हाइकाच्या जीपमधून तिला गोंदियाला नेलं.

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाची नस बारीक झालीय. वेळेत आणलंत. पाळी जाताना अशा वाफा पुष्कळ जणींना येतात, सगळ्यांचंच हृदय बिघडतं असं नाही. पण फार येत असतील, तर बीपी, शुगर, हृदय तपासून घ्यायला हवं. यांना कधीपासून येतात?"

कुंदाला बोलवत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं. फ्रीज, धुकं, दिवाळी, सगळं तोंडपाठ! माझे किस्से ऐकून कोणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी कुंदानं डोळे उघडले. मी खाली मान घालून पुटपुटलो, "एवढं होऊन राहिलं होतं, तं जोर देऊन सांगाचं ना व!"

"सांगितलं ना जी तुमाले," ती म्हणाली. "तुमी साऱ्या कोहमाऱ्याले सांगितलं. डाक्टरीणबाईचाच नंबर उशिरा लागला!"